आहे तसे ठेवा

मी घरात जादूटोणा करत नाही, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी लेखी द्यावं लागलं. तेही ‘पाळीव प्राणी अथवा वाद्य बाळगण्याबाबत’ या अर्जावर, कारण आमच्या इमारतीच्या समितीकडे जादूटोण्याचा वेगळा अर्ज नाही. चौथ्या रकान्यात प्रश्न होता, ‘प्राण्यास लस टोचली आहे काय?’ मी लिहिलं, ‘प्राणी साठी ओलांडलेला असून सध्या चिडलेला आहे.’ या गोष्टीला आता दोन महिने होऊन गेले, तरी आठवण झाली की तळपायाची आग मस्तकात जाते. दोष कुणाकुणाचा, याची यादी माझ्याकडे तयार आहे. सुरुवातीला त्या यादीत माझं नाव नव्हतं.

मी मुद्रितशोधक. म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्याची प्रुफं तपासणारा माणूस. एका छापखान्यात अडतीस वर्षं काढली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. धंदा सांगितला की लोक म्हणतात, “वा! म्हणजे दिवसभर गोष्टी वाचायच्या!” अशा माणसाला मी चहासुद्धा विचारत नाही. अहो, गोष्ट वाचली की मुद्रितशोधक संपला! वाक्य काय म्हणतंय ते कळलं की डोळा पुढचा शब्द मनानेच वाचून मोकळा होतो, छापलेला बघत नाही. म्हणून अर्थाकडे फिरकायचं नाही, ओळीखाली पट्टी धरायची आणि अक्षरं बघायची. माझ्या हाताखालून अकराशेच्या वर पुस्तकं गेली आणि त्यातल्या एकाचीही गोष्ट मला सांगता येणार नाही, याचा मला अभिमान होता. एका रहस्यकथेची प्रुफं मी चार वेळा तपासली. खून कुणी केला, मला माहीत नाही. ज्याचा झाला त्याचं आडनाव दोन तऱ्हांनी छापलं होतं, एवढं सांगतो.

आमच्यात एक खूण असते. आपण केलेली दुरुस्तीच चुकीची आहे असं लक्षात आलं, तर खोडलेल्या शब्दाखाली टिंबांची ओळ द्यायची आणि समासात लिहायचं, ‘आहे तसे ठेवा’. म्हणजे मूळचंच बरोबर होतं, तपासणाऱ्याची अक्कल चुकली. अडतीस वर्षांत ही खूण मी पाच वेळा वापरली. त्यातल्या तीन वेळा मला ताप होता.

तर आमची मुलगी. ती दुसऱ्या शहरात नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत नोकरी करते. तिने सहा वर्षं खपून एक कादंबरी लिहिली, जादूची. मला वाटलं पोरांसाठी काहीतरी चित्रांचं असेल. पुढे प्रुफांचं खोकं घरी आलं, उघडून बघतो तर नुसत्या गोष्टीचीच चारशे बारा पानं! त्यातले सगळे मंत्र तिने स्वतः तयार केलेल्या भाषेत. प्रकाशकाच्या नेहमीच्या मुद्रितशोधकाने तिसऱ्या पानावर हात टेकले. ज्या भाषेला कोश नाही तिच्यातली चूक ओळखायची कशी, असं म्हणाला म्हणे. आजकाल धंद्यात कोण येतं याची कल्पना यावी म्हणून सांगितलं. प्रकाशकाने मुलीला तीन आठवड्यांनंतरचा सोमवार दिला. त्या सोमवारी तपासलेली प्रुफं हातात आली नाहीत तर पुस्तक यंदाच्या यादीतून बाहेर. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, असं तो म्हणाला, आणि प्रकाशक ‘बघू’ म्हणतो त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे.

मुलीचा फोन आला. “बाबा, प्रुफं तुम्ही बघाल का? आणि वाचून मला सांगा ना, कसं वाटलं ते.”

त्यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं.

कादंबरीच्या शेवटी त्या भाषेचं अडतीस पानी व्याकरण जोडलेलं होतं. भाषेचं नाव सेलूरी. मी नाक मुरडूनच पट्टी हातात घेतली, कारण जादूच्या पुस्तकांचा माझा अनुभव वाईट आहे. त्यांतले जादूगार काठी फिरवतात, तोंडाने दोन आवाज काढतात आणि डोंगर फुटतो. अरे, क्रियापद कुठे आहे? कुणी फोडायचा, किती फोडायचा, कुणाच्या अंगावर फोडायचा? नुसतं ‘आग’ म्हणून ओरडल्यावर चूल पेटेल की घर पेटेल, हे आगीने कसं ओळखायचं? इतका मोघम अर्ज कुठलाही कारकून परत पाठवील.

सेलूरीत तसं नव्हतं. तिथे कर्त्याशिवाय मंत्र पुराच होत नाही. बोलणाऱ्याने वाक्यात स्वतःला घालायचं, म्हणजे पुढे जे होईल ते त्याच्या डोक्यावर. ‘दार उघडावे’ म्हटलं तर दार ढिम्म हलत नाही. ‘मी उघडते’ म्हणावं लागतं. शिवाय ज्याच्याशी बोलायचं त्याचा मान राखून बोलायचं. आगीला अरे-तुरे करायचं, नाहीतर तिला परकेपणा वाटून ती विझते. पाण्याला ‘आपण’. दाराला ‘तुम्ही’, कारण त्याला दोन्ही बाजूंची माणसं सांभाळायची असतात. आणि एक जागती विभक्ती होती. त्या विभक्तीत ज्याचं नाव घ्याल ते ऐकू लागतं, मग तो दगड का असेना. काम झालं की विभक्ती मिटवायची. परिशिष्टात उदाहरण दिलं होतं: एका शिकाऊ जादूगाराने जिना जागा केला आणि मिटवायला विसरला, तर तो जिना पुढे तीन पिढ्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वजनाबद्दल कुरकुर करत होता.

अडतीस पानांत कारणाशिवाय केलेला एकही अपवाद मला सापडला नाही. मी बायकोला म्हणालो, “अगं, हे चोख आहे. अगदी चोख.”

“मग तिला सांगा.”

“काय सांगायचं? चूक असती तर सांगितलं असतं.”

रोज संध्याकाळी सहाला मुलीचा फोन यायचा. “कसं वाटतंय, बाबा?”

“पान चाळीस. अवतरणचिन्ह उघडलंय, मिटलेलं नाही.”

“बरं. आणि?”

“आणि पान सत्तेचाळीस.”

मग ती म्हणायची, “आईला द्या.”

आता रामायण कसं सुरू झालं ते सांगतो. अनोळखी भाषेची प्रुफं एकट्याने तपासता येत नाहीत. दोघं लागतात. एकाने मूळ प्रतीतलं अक्षर अन् अक्षर, चिन्ह अन् चिन्ह मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्यावर नजर ठेवून तेच परत म्हणायचं. छापखान्यात यासाठी माणूस असे. घरी बायको. माझा डावा कान जरा मंद आहे, म्हणून तिला आवाज चढवावा लागे. सकाळचा उजेड गॅलरीत चांगला, म्हणून बैठक गॅलरीत. आठ ते अकरा. त्यामुळे रोज सकाळी तीन तास इमारतीला ऐकू येई ते असं: “ताहे! संयोगचिन्ह! मिर! सेलूना ओर! उद्गारचिन्ह!” आणि मागोमाग माझा खर्जातला आवाज, “ताहे, संयोगचिन्ह, मिर, सेलूना ओर, उद्गारचिन्ह.”

आमच्या वर एक वहिनी राहतात. त्यांचं कपडे वाळत घालणं त्या आठवड्यापासून तीन तास चालू लागलं. शेजारच्या घरात दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्यांच्या पेशंटांनी भिंतीपलीकडून ‘उद्गारचिन्ह!’ ऐकलं की ते खुर्चीतून उठून घरी जात. आणि आमच्या बरोबर खाली राहतात समितीचे अध्यक्ष. हा गृहस्थ एका कचेरीत आवक-जावक विभागात चाळीस वर्षं होता आणि तिथून तो कधी जावक झालाच नाही, असं माझं मत आहे. त्याचं माझं जुनं आहे. सूचना फलकावर तो लावतो त्या कागदांवर मी येता-जाता राहिलेले अनुस्वार देतो. त्यावरून इमारतीत मला ‘टिंबकाका’ म्हणतात, हेही मला माहीत आहे.

पाचव्या दिवशी दाराखालून सूचना आली: ‘असे निदर्शनास आले आहे की, आपल्या सदनिकेत मंत्रोच्चार केले जात असल्याचे बोलले जात आहे. तरी ते बंद करण्यात यावेत.’ कुणाच्या निदर्शनास? कोण बोलतंय? कुणी बंद करावेत? आख्ख्या कागदात एक कर्ता नाही! सेलूरीच्या नियमाने या मजकुरातून बरणीचं झाकणसुद्धा उघडलं नसतं. मी तसाच खाली गेलो.

“तक्रार आली आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“कुणाची?”

“आली आहे ना? मग झालं तर.”

“अहो, ती कादंबरी आहे. माझ्या मुलीची. मी प्रुफं तपासतोय.”

“मनात तपासा.”

“मनात तपासता आलं असतं तर बायकोला कशाला कामाला लावलं असतं?”

“मग परवानगी घ्या. रीतसर अर्ज करा.”

तोच तो प्राण्या-वाद्यांचा अर्ज. त्यात शुद्धलेखनाच्या नऊ चुका होत्या. आता मी काय करायला हवं होतं? हात आपोआप कानामागच्या लाल पेन्सिलीकडे गेला. नऊच्या नऊ दुरुस्त करून, खाली सही करून अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. शेरा होता, ‘खाडाखोड असलेला अर्ज स्वीकारला जात नाही.’ म्हणजे चुका असलेला चालतो, सुधारलेला चालत नाही! दुसरा अर्ज आणला, त्यात त्याच नऊ चुका. हा मी डोळे अर्धवट मिटून भरला, तरी सातव्या ओळीपाशी पेन्सिल घसरलीच. तिसरा बायकोने भरला. त्या वेळी तिने मला स्वयंपाकघरात बसवून बाहेरून कडी लावली होती.

अर्ज विचाराधीन आणि आमचं वाचन चालू, अशा अवस्थेत एका सकाळी वरच्या वहिनी दारात उभ्या. लिफ्ट चार महिने बंद होती आणि त्यांचे गुडघे दुखत होते.

“काका, लिफ्टला काय म्हणायचं हो?”

“वहिनी, हे खोटं आहे. कथेतलं आहे.”

“असू दे हो. पण म्हणायचंच झालं तर?”

इथे माझं चुकलं. ‘काही नाही’ म्हणून दार लावायचं होतं. पण व्याकरणाचा प्रश्न कुणी विचारला की मला राहवत नाही. मी म्हणालो, “सेलूरीत लिफ्टला शब्द नाही. पण दाराचाच प्रकार धरला तर ‘तुम्ही’ म्हणावं लागेल. आणि ‘मी बोलावते’ असं स्पष्ट म्हणा, उगाच ‘यावे’ वगैरे नको.”

वहिनी तीन दिवस रोज सकाळी लिफ्टसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी लिफ्ट आली. दुरुस्तीवाला पहाटेच येऊन मागच्या बाजूने काम करून गेला होता, पण हे ऐकायला कुणाला वेळ होता? अध्यक्षांनी लिफ्टच्या कंपनीला सतरा पत्रं लिहिली होती, प्रत्येकाची जावक नोंद होती. सतराव्या पत्रामुळे माणूस आला, असं ते जिन्यात उभं राहून ज्याला-त्याला सांगत होते. लोक मान डोलावत आणि माझ्या दारावरची बेल वाजवत. कुणाला नळाला जोर हवा होता, कुणाला नव्या बुटांचा आवाज घालवायचा होता. दाताच्या डॉक्टरांनी हळूच विचारलं, “तोंड उघडं ठेवायला काही आहे का? दाराचाच प्रकार धरता येईल.” मी प्रत्येकावर ओरडलो. मी ओरडलो की त्यांचा विश्वास आणखी बसे.

मग त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरचा पाइप फुटला. वहिनींनी निदान केलं, “त्या घरात पाण्याला अरे-तुरे करत असणार.” आणि इमारतीचे दोन तट पडले. अर्ध्यांना मी ताबडतोब बंद व्हायला हवा होतो, अर्ध्यांना मी सकाळी आणखी तासभर हवा होतो. अध्यक्षांनी शनिवारी संध्याकाळी तळमजल्यावर गाड्या लावायच्या जागेत सभा बोलावली. ठराव असा, की चौकशी पूर्ण होईपर्यंत इमारतीत कुठलंही प्रकट वाचन करण्यात येऊ नये. चौकशीला किमान पंधरा दिवस. आणि सोमवार दोन दिवसांवर! शेवटच्या वाचनातली तीन प्रकरणं राहिली होती. ठराव पास झाला असता तर मुलीची सहा वर्षं त्या खोक्यातच राहिली असती. तिला मी यातलं काही कळवलं नव्हतं. ती रोज सहाला फोन करत होती, पण आता ‘कसं वाटतंय’ विचारत नव्हती. “किती चुका निघाल्या?” एवढंच विचारायची.

सभेला मी खोकं घेऊन गेलो. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या होत्या आणि मधे मी, कानामागे पेन्सिल.

“ही कादंबरी आहे,” मी म्हणालो. “कुठलंही पान काढा. मी वाचून दाखवतो.”

बायको मागून म्हणाली, “अहो, पहिलं प्रकरण वाचा.”

अध्यक्षांचे कान टवकारले. “पहिलंच का? नववं का नको?”

“नववं नको,” बायको घाईने म्हणाली.

झालं. अध्यक्षांनी नववंच काढलं. “आणि ते संयोगचिन्ह, उद्गारचिन्ह म्हणायचं नाही. माणसं वाचतात तसं सरळ वाचा.”

बायको आता माझी बाही ओढत होती. माझ्या कामात चारचौघांत लुडबुड केलेली मला खपत नाही. मी बाही सोडवली, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. गेल्या तीन आठवड्यांत हे प्रकरण मी तीनदा तपासलं होतं. चिन्हांशिवाय पहिल्यांदाच वाचत होतो.

“वेशीवर शब्दपाल बसे. गावात कुणीही मंत्र रचला की आधी त्याच्यापुढे आणावा लागे. शब्दपालाच्या कानामागे लाल खडू असे आणि तो सापडत नाही म्हणून रोज सकाळी तो घर डोक्यावर घेई. त्याचं नाक इतकं लांब होतं की चूक त्याच्याआधी नाकाला कळे. चहाचा पेला उचलला की घोट घेण्याआधीच तो म्हणे, ‘गार झालाय.’ तो चिडका होता...”

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. मी वर बघितलं. सगळे माझ्या कानाकडे बघत होते.

“अगं बाई,” वहिनी म्हणाल्या, “हे तर आपले टिंबकाका!”

“हुबेहूब!” दाताचे डॉक्टर म्हणाले. “चहाचं तर शंभर टक्के.”

थांबायला हवं होतं, पण अर्धवट वाक्य सोडायची मला सवय नाही. मी वाचत गेलो. “एक मुलगी ओंजळीत पक्षी घेऊन आली. तिने तो एका दमात, एकाच मंत्रात घडवला होता. शब्दपालाने पक्ष्याकडे पाहिलं नाही. तो मंत्र तपासत होता. म्हणाला, ‘शेपटीत चूक आहे.’ तोवर पक्षी ओंजळीतच निजला.”

आता कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. अध्यक्षांनी प्रकरण माझ्या हातातून अलगद काढून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी प्रेमाने बोलले. “हा जादूटोणा नाही, साहेब. ही तुमचीच गोष्ट आहे. वाचा तुम्ही. सावकाश वाचा.” वाचनाला परवानगी एकमताने मंजूर झाली. आमच्या इमारतीत एकमताने मंजूर झालेला हा एकमेव ठराव. इतका अपमान माझा कुणी विरोध करून केला नव्हता.

घरात शिरल्या शिरल्या मी बायकोवर तोफ डागली. “तुला माहीत होतं?”

“पहिल्या वाचनापासून.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तीन आठवडे रोज तीन तास मोठ्याने वाचून दाखवत होते,” ती म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

राहिलेली तीन प्रकरणं आम्ही त्या रात्रीच उरकली. रविवारी सकाळी मी पेन्सिलीला टोक काढलं. आता जे सांगतो ते सांगायची लाज वाटते, पण प्रुफात आलेलं लपवता येत नाही. मी नवव्या प्रकरणाचा समाचार घेतला. ‘चिडका’ खोडून ‘शिस्तप्रिय’ केलं. ‘लांब नाक’चं ‘सरळ नाक’ केलं. चहाचं वाक्य उडवलं. ‘पक्ष्याकडे पाहिलं नाही’ तिथे ‘पक्ष्याचे ओझरते निरीक्षण केले’ घातलं. गावकरी शब्दपालाचे आभार मानतात असा एक छोटा परिच्छेद स्वतः लिहून समासात घुसवला. एकूण त्रेचाळीस दुरुस्त्या. लेखकाच्या मजकुराला हात लावणं हे आमच्या धंद्यातलं महापाप. छापखान्यात एकाने ते केलं होतं म्हणून मी त्याच्याशी चार वर्षं बोललो नव्हतो. पण बाप म्हणून काही हक्क आहे की नाही? बापाला चारशे बारा पानांत घालून चारचौघांत उभं करते आणि वर त्याच्याकडूनच तपासून घेते!

बायको भाजी निवडत समोर बसली होती. सगळं बघत होती.

“ती सात वर्षांची असताना तिने तुम्हाला पक्ष्याची गोष्ट लिहून दिली होती,” ती म्हणाली. “आठवतंय? तुम्ही अकरा चुका काढून परत दिली होती.”

“बारा,” मी म्हणालो.

बाराच होत्या. मला त्या सगळ्या आठवतात. दोन वेलांट्या, तीन अनुस्वार, एक ‘पंख’चा ‘पख’, सगळ्या.

“आणि पक्षी कुठला होता?”

मी तोंड उघडलं. कागद आठवत होता, दुरेघी, वरचा कोपरा दुमडलेला. खालची अक्षरं रेघ सोडून उतरलेली. माझी लाल पेन्सिल कुठे कुठे होती तेही डोळ्यांपुढे होतं. पक्षी नव्हता. बराच वेळ मी शोधला, पण तो माझ्या डोक्यात गेलेलाच नव्हता, तर सापडणार कुठून? बायकोने उत्तराची वाट बघितली नाही. भाजी घेऊन ती आत गेली, आणि मला कुठला पक्षी ते तिने सांगितलंही नाही, याचा मला भयंकर राग आला.

दुपारी मी एकटाच गॅलरीत बसलो. पट्टी मुद्दाम आत ठेवून आलो. पहिल्या पानापासून कादंबरी वाचायला घेतली, माणसं वाचतात तशी.

मला सवय नाही हो! पाचव्या पानावर पोरगी एकटी डोंगर चढायला निघाली आणि तिने स्वेटर घेतला का ते बघायला मी पान मागे उलटलं. साठाव्या पानावर एक चूक दिसली, बहुधा मात्रेची, पण तेवढ्यात पूल कोसळत होता, मी पुढे गेलो. नवव्या प्रकरणाशी आलो आणि त्या शब्दपालाचा असा काही संताप आला की सांगता सोय नाही. पोरगी पुन्हा पुन्हा येते, प्रत्येक वेळी नवा मंत्र, प्रत्येक वेळी त्या शेपटीतली चूक सुधारून आणलेली, आणि हा ठोंब्या खाली मान घालून खडू चालवतोय. मी ओरडलो, “अरे मेल्या, एकदा तरी बघ ना तिच्याकडे!”

खाली कुंड्यांना पाणी घालणाऱ्या अध्यक्षांनी वर बघितलं. मग ते झारी घेऊन आत गेले. यादीत मी माझं नाव त्या वेळी घातलं. सगळ्यात वर नाही, अध्यक्षांच्या खाली.

शेवटी ती मुलगी गाव सोडते. वेशीवर शब्दपाल एकटा उरतो. त्याच्या पुढ्यात तिने ठेवलेला पहिला पक्षी, निजलेला. त्याला जागं करायचं तर मंत्र शब्दपालानेच म्हणायला हवा, आणि सेलूरीत कर्त्याशिवाय मंत्र नाही. ‘मी’ म्हणावं लागणार. त्याने जन्मभर दुसऱ्यांचे मंत्र तपासले, स्वतःचा एकही म्हटलेला नाही. तो तोंड उघडतो. वेशीच्या दाराबाहेर ती मुलगी अजून थांबलेली असते. पान चारशे बारा. समाप्त.

मी पान उलटलं. कोरं! पुन्हा उलटलं, तर व्याकरण सुरू. म्हणजे काय? म्हणाला की नाही तो? हा काय शेवट झाला?

साडेपाच वाजले होते. नववं प्रकरण समोर लाल झालेलं पडलं होतं. मी पेन्सिल घेतली आणि पहिल्या दुरुस्तीखाली टिंबांची ओळ दिली. समासात लिहिलं, ‘आहे तसे ठेवा’. मग दुसऱ्या. लांब नाकाखालीसुद्धा दिली. चहाच्या वाक्याखाली दिली. माझ्या आभाराच्या परिच्छेदावर मात्र आडवी काट मारली. अडतीस वर्षांत पाच वेळा आणि त्या अर्ध्या तासात बेचाळीस वेळा. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

सहाला फोन वाजला. मी घेतला.

“झालं, बाबा?” मुलगी म्हणाली. “किती निघाल्या?”

“पक्ष्याचं पुढे काय झालं?”

पलीकडून काहीच आवाज नाही. फोनच्या या कंपन्या कशाकशाचे पैसे घेतात कळत नाही, ऐन वेळी लाइन जाते. “हॅलो! हॅलो!” मी ओरडलो. “ऐकू येतंय का?”

“येतंय,” ती म्हणाली. “कुठल्या पक्ष्याचं, बाबा?”

“कुठल्या म्हणजे? दोन्ही पक्ष्यांचं! आधी दुरेघीवरच्याचं सांग. तो कुठला होता? तुझी आई सांगत नाहीये.”

ती हसली की रडली, ते मला कळलं नाही. माझा डावा कान मंद आहे हे मी आधी सांगितलंच आहे. मी फोन उजव्या कानाला लावला. मग ती सांगू लागली, अगदी पहिल्यापासून. बायकोने मधेच केव्हातरी माझ्यासमोर चहा आणून ठेवला आणि दाराला टेकून ऐकत उभी राहिली. फोन ठेवला तेव्हा गॅलरीत अंधारून आलं होतं. चहा पार गार झाला होता. मी तो मुकाट्याने प्यायलो.